साहेबांचा संडास आणि यशोदाबाईंचं पाणी

सरकारी बांधकाम खात्यात ज्यानं नोकरी केली, त्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. भिंतीला ओल धरते तसे ते आपोआप धरतात. आम्ही बांधलेले पूल पहिल्या पुरात गेले, रस्ते दुसऱ्या उन्हाळ्यात उखडले, पण किस्से अजून जागच्या जागी शाबूत आहेत! कुठलाही एक विषय काढा. आज मी फक्त एका संडासाबद्दल सांगतो.

मी यवतमाळच्या ऑफिसात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे काय, तर साहेबांनी काढलेल्या चुकीच्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि तीच चूक स्वच्छ रेघेत पुन्हा काढायची. हे काम मी आयुष्यभर केलं.

*

नेरच्या रस्त्यावर आमच्या खात्याचा एक डाकबंगला होता, कामानिमित्त आमचं तिथे सारखं जाणं-येणं. कौलारू, कडुनिंबाच्या सावलीतला. विदर्भ महाराष्ट्रात गेला आणि पुण्याकडचे साहेब आमच्या नशिबी आले. त्यांतलेच आमचे डेप्युटी इंजिनिअर लेले साहेब. आल्या आल्या त्यांनी डाकबंगला पाहिला आणि म्हणाले, "इथे फ्लशचा संडास नाही? मग इथे माणसं राहतात कशी?"

झालं! नागपूरहून सामान आलं. वर लोखंडी टाकी, तिला लोंबणारी साखळी, खाली पांढरंशुभ्र भांडं. ते बसवलं आमच्या ओव्हरसिअर बोबड्यांनी. बोबडे म्हणजे हातात नेहमी टेप, आणि मोजमाप नेहमी अंदाजे.

उद्घाटनाला लेले साहेब आले. बोबड्यांनी टाकीला झेंडूचा हार घातला. नारळ कुठे फोडायचा यावर थोडी चर्चा झाली, शेवटी उंबरठ्यावर फोडला. साहेबांनी साखळी ओढली. धो धो पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, पाणी थांबेना!

साहेबांनी साखळी आणखी दोनदा ओढून पाहिली. मग म्हणाले, "बोबडे, हे थांबतं कधी?"

बोबडे नम्रपणे म्हणाले, "सर, एस्टिमेट पाणी चालू करायचं होतं. थांबवायचं नव्हतं!"

*

तर असा तो संडास दिवसरात्र आपला आपण चालत राहिला. टाकीतलं निम्मं पाणी भांड्यात गळायचं आणि जास्तीचं निम्मं एका नळीतून मागच्या भिंतीबाहेर पडायचं. मागच्या भिंतीबाहेर यशोदाबाई राहायच्या.

यशोदाबाई डाकबंगल्याचं आवार झाडायच्या. त्यांची आणि भाऊबंदांची पाच-सहा घरं भिंतीपलीकडे होती. सगळ्यांनी छप्पन सालानंतर धम्म घेतलेला. गावच्या विहिरीवर जायला कायद्यानं कोणाची मनाई नव्हती, पण तो कायदा विहिरीवरच्या बायांना कोणी सांगितला नव्हता. यशोदाबाईंनी हंडा लांब ठेवायचा, उभं राहायचं, आणि कोणाच्या मनात आलं तर ती वरून पाणी ओतणार. डाकबंगल्याच्या विहिरीला लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. ते पाणी साहेब लोकांचं!

आणि आता घराच्या मागेच नळी वाहू लागली. यशोदाबाई रोज सकाळी सरळ नळीखाली हंडा लावायच्या. मला एकदा म्हणाल्या, "ट्रेसरबाबू, आता मले कोनी वरून पानी वाढत नाही. मी माह्या हातानं भरतो."

आमचे हेडक्लार्क एकदा हे पाहून नाकाला रुमाल लावून म्हणाले, "शी! संडासाचं पाणी पितात हे लोक!"

यशोदाबाईंनी हंडा डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "बाबूजी, हे संडासात जायाच्या आंधीचं पानी हाय. तुमची नजर त्याच्या नंतरच्या पान्यावर काहून जाते?"

हेडक्लार्कांचा रुमाल नाकावरच राहिला. त्या दिवसापासून मला एवढंच कळत होतं की हा संडास दुरुस्त झाला, तर या बाईचं पाणी जाणार. बाकी कोणाला ते कळत नव्हतं असं नाही. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

*

दुरुस्ती कोणी करायची, हा पहिला प्रश्न. पाणीपुरवठ्याचे साहेब वेगळे, इमारतीचे साहेब वेगळे. दोघांनी जागेवर पाहणी करायचं ठरवलं. संडास चार बाय चारचा, त्यात दोन साहेब, बोबडे आणि टेप धरायला मी!

पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "पाइपात आहे तोवर पाणी आमचं. टाकी तुमची."

लेले साहेब म्हणाले, "टाकी आमची, पण आतलं पाणी तुमचंच. भांड्यात पडलं की आमचं."

यावर अर्धा तास वाद झाला. दोघांचेही कोट भिजले, पण तडजोड होईना. शेवटी बोबड्यांनी मध्ये तोंड घातलं, "सर, टाकीतून निघालं आणि भांड्यात अजून पडलं नाही, तेव्हा ते कोणाचं?"

यावर दोन्ही साहेबांनी आपापल्या फायली मिटल्या. मग हा मुद्दा नागपूरला कळवायचं ठरलं, चहा झाला आणि दोन्ही जीपा गेल्या. त्यानंतर सव्वा वर्ष संडासाला कोणी हात लावला नाही. सरकारी भांडणाइतकं गरिबाच्या उपयोगी पडणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.

*

एका पावसाळ्यात पाऊसच नव्हता. कपाशी माना टाकून उभी. पीकपाण्याची पाहणी करायला एक महसूलचे अधिकारी आले आणि डाकबंगल्यात मुक्काम केला. सकाळी आंघोळ करून, अत्तर लावून व्हरांड्यात आले. समोर आजूबाजूच्या गावांतले शेतकरी कधीचे येऊन बसलेले.

अधिकारी हसून म्हणाले, "चला, तुमची काळजी मिटली. रात्रभर काय सुंदर पाऊस झाला! मी स्वतः ऐकला."

शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अंगणात धूळ उडत होती. एक म्हातारा हात जोडून उठला. "सायेब, तो पाऊस तुमच्या खोलीतच काहून पडला जी? आमच्या वावरात येक थेंब नाही!"

खानसामा रहीमचाचा चहा घेऊन उभे होते. ते अदबीनं म्हणाले, "हुजूर, वो बारिश नहीं थी. वो तो हमारा संडास है. बारा महिने बरसता है."

अधिकाऱ्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तरीपण हवेत गारवा आहे." आणि या गारव्याच्या जोरावर आमच्या भागात पाऊस समाधानकारक ठरला! अशा माणसांच्या हातात जिल्हे होते हो. आम्ही त्यांना उठून नमस्कार करायचो.

*

पुढे लेले साहेबांच्या डोळ्यात मागची नळी खुपू लागली. बायांची ये-जा, हंड्यांचा आवाज, पोरांच्या आंघोळी. साहेब म्हणाले, "डाकबंगल्याची शोभा जाते. ती नळी बुजवा."

संडास दुरुस्त करा, असं नाही म्हणाले. नळी बुजवा!

बोबड्यांनी सिमेंट कालवलं. यशोदाबाई रिकामा हंडा घेऊन पुढ्यात उभ्या. म्हणाल्या, "बोबडे सायेब, मंग आमी पानी कुठून आनाव?"

बोबडे मान वर न करता म्हणाले, "बाई, मी हुकमाचा ताबेदार." आणि थापी मारून नळीचं तोंड बंद केलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. पण ट्रेसरला कोण विचारतो!

लेले साहेब त्या रात्री डाकबंगल्यातच मुक्कामाला होते, दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र घेऊन संडासात गेले. आता जास्तीच्या पाण्याला बाहेरची वाट नाही. टाकी काठोकाठ भरली आणि काठावरून नेमकी खाली बसलेल्या माणसाच्या टाळूवर उतरली. आतून जी आरोळी आली ती ऐकून बाहेरच्या कडुनिंबावरचे कावळे उडाले.

साहेब बाहेर आले ते वर्तमानपत्र अंगाला चिकटलेलं. रहीमचाचांनी टॉवेल पुढे केला आणि मान झुकवून म्हणाले, "चलिए हुजूर, एक ही जगह दोनों काम हो गए!"

दुपारच्या आत बोबड्यांनी छिन्नीनं नळी पुन्हा मोकळी केली. साहेबांचाच हुकूम! यशोदाबाई शेजारीच हंडा घेऊन बसल्या होत्या. शेवटचा खपला पडला, पाणी आलं, त्यांनी हंडा सरकवला. बोबड्यांना म्हणाल्या, "जरा बाजूले सरा. सावली पडून राह्यली पान्यावर."

*

आता शेवटचा किस्सा. पुढच्या उन्हाळ्यात कोणी मोठे पाहुणे मुंबईहून येणार, असा निरोप आला आणि लेले साहेबांना घाम फुटला. नागपूरहून खास फिटर बोलावला. त्यानं टाकीत हात घातला आणि आतला गोळा बाहेर काढला. पाणी भरलं की हा गोळा तरंगत वर येतो आणि पाणी बंद करतो. आमच्या गोळ्याला बारीक छिद्र होतं, म्हणून तो तरंगायचाच नाही. एवढंच दुखणं! त्यासाठी दोन खाती, दोन साहेब आणि कितीतरी वर्षं.

फिटरनं पिशवीतून नवा गोळा काढला. तांब्याचा, चांगल्या मोठ्या संत्र्याएवढा, लखलखीत. तो बसवला आणि संडास गप्प झाला. बोबडे तर भिंतीला कान लावून ऐकत होते. फिटर संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

मागची नळी सुकली. यशोदाबाईंची सून नुकतीच बाळंत झालेली, घरात ओली बाळंतीण आणि हंड्यात पाणी नाही. त्या गावच्या विहिरीवर गेल्या. वैशाखातलं ऊन, पाणी तळाशी. बायांनी त्यांना लांब उभं केलं, आधी आपलं भरलं, मग जनावरांचं भरलं. यशोदाबाई परत आल्या तेव्हा हंड्यात वीतभर गढूळ पाणी होतं. डाकबंगल्यापाशी थांबल्या, नळीकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "येवढे दिवस हे टाकी बिगडली व्हती, तवर आमचं बरं चाललं व्हतं." मला आमच्या खात्याचा, त्या विहिरीचा आणि त्या पाहुण्यांचा एकदमच संताप आला.

तीन दिवसांनी सकाळी गेलो तर नळी वाहत होती!

बोबड्यांनी शिडी लावून टाकीत पाहिलं. आत गोळाच नव्हता. लेले साहेबांनी विचारलं, "गोळा गेला कुठे?"

बोबडे शिडीवरूनच म्हणाले, "सर, उंदरानं नेला असेल."

"तांब्याचा गोळा? उंदरानं?"

"सर, इकडचे उंदीर मोठे असतात."

लेले साहेबांना ते पटलं. विदर्भाबद्दल त्यांना काहीही सांगितलं तरी पटायचं. मुंबईचे पाहुणेही आलेच नाहीत, दौरा रद्द झाला आणि नव्या गोळ्याची गोष्ट मागे पडली.

त्याच महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. निवडणुका जवळ आल्या होत्या, त्यामुळे साहेब लोकांनी अशा कार्यक्रमांना जावं, असं वरून सांगणं होतं. यशोदाबाईंच्या वस्तीनं लेले साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. आम्ही सगळे गेलो. साहेबांना कोणीतरी पितळी पेल्यात पाणी आणून दिलं. साहेब घाईनं म्हणाले, "नको नको, मी आत्ताच पिऊन आलो."

मग साहेबांच्या हस्ते पंचरंगी ध्वज चढवायचा होता. नवा, उंच, चुना लावलेला खांब. साहेबांनी दोरी ओढली, ध्वज वर गेला, उलगडला. साहेबांची नजर त्याच्याबरोबर वर गेली आणि तिथेच थांबली. खांबाच्या टोकाला तांब्याचा गोळा होता. वैशाखाच्या उन्हात असा चमकत होता की डोळे दिपावेत.

बोबड्यांनी वर पाहिलं आणि लगेच खाली स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. रहीमचाचांना खोकला आला.

लेले साहेब मनापासून म्हणाले, "वा! काय सुरेख गोळा आहे! कुठून आणला हो?"

यशोदाबाई पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरत पुढे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "सायेब, सरकारनं देल्ला."

लेले साहेबांचा चेहरा फुलला. ते माइक नसतानाही माइकसमोर उभं राहावं तसे उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "पाहा! सरकार तुमच्यासाठी किती करतं, हे या गोळ्याकडे पाहिलं की कळतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या यशोदाबाईंनी वाजवल्या.