मावशीच्या पंच्याहत्तरीची फुलं

माझ्या मावशीला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि तिला फुलं पाठवायची हे मी महिनाभर आधीच ठरवलं होतं. साडी नाही, मिठाई नाही, फुलंच. घरात सगळ्यांनी विचारलं की एवढ्या म्हाताऱ्या बाईला फुलं कशाला, त्यापेक्षा गुडघ्याला लावायचा पट्टा पाठव, उपयोगी तरी पडेल. मी कोणाला काही समजावून सांगितलं नाही.

मी सात वर्षांची असताना आई आजारी पडली आणि मला चार वर्षांसाठी मावशीकडे ठेवलं. देशावरचं लहानसं तालुक्याचं गाव. मावशीचे यजमान त्याच्या दोनच वर्षं आधी अपघातात गेले होते. मी गेले तेव्हा ती जेमतेम एकतीस वर्षांची होती आणि माझा मावसभाऊ तीन वर्षांचा. घराच्या मागं तिनं मोगरा आणि अबोली लावली होती. संध्याकाळी ती कळ्या खुडायची, मागच्या पायरीवर बसून गजरे ओवायची. इतकं सारखं आणि घट्ट ओवणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. गल्लीत कोणाकडे हळदीकुंकू असलं की गजरे मावशीकडून जायचे. ते ताटात घालून, वर ओलं फडकं टाकून पोचवायला मी जायची. तिच्या हातचे गजरे सगळ्यांना चालायचे. ती चालायची नाही.

एकदा ती ओवत बसलेली असताना मी मागून जाऊन तिच्या अंबाड्यात एक कळी खोचली. तिनं ती काढली, मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "असं परत करू नकोस." रागावली नव्हती. एवढं बोलून पुन्हा ओवायला लागली. मी नऊ वर्षांची असेन. मला वाटलं, तिला टोचली असेल.

पुढं सगळं कळलं, पण कळून मी तरी काय केलं? शिकले, नोकरीला लागले, लग्न करून कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये आले. दिवाळीत मावशीला फोन, दोन-तीन वर्षांतून एक चक्कर. पंच्याहत्तरीच्या निमित्तानं पहिल्यांदाच मनात आलं की या बाईला काकांच्या माघारी कोणी एकदाही फूल दिलेलं नाही. आपण द्यावं.

वाढदिवस नेमका आठवड्याच्या मधोमध आला आणि ऑफिसात ऑडिट चालू होतं. म्हणून मी फुलं ऑनलाइन मागवली. त्या वेबसाइटवर लिहिलं होतं की लहानातल्या लहान गावातही आम्ही त्याच दिवशी ताजी फुलं पोचवतो. मी निशिगंध आणि पांढऱ्या गुलाबांचा मोठा गुच्छ निवडला. सोबतच्या कार्डावर लिहिलं, "मावशी, ही फुलं फक्त तुझ्यासाठी आहेत." 'फक्त' हा शब्द मी मुद्दाम घातला होता.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी मोबाइलवर मेसेज आला, डिलिव्हर्ड. खाली पुरावा म्हणून फोटो. तो मी मोठा करून पाहिला. निशिगंध नव्हता, पांढरे गुलाबही नव्हते. लाल जर्बेरा होते, त्यांवर चंदेरी चमकी फवारलेली, आणि भोवती चुरगळलेली गुलाबी जाळी. कडेची दोन फुलं तपकिरी पडून माना टाकून बसली होती, त्यांवरही चमकी मारलेली होती. सडत आलेल्या फुलावर कोणीतरी बसून चमकी फवारली होती. जेवणाचा डबा तसाच बंद केला. कंपनीला फोन लावला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की डिलिव्हरी सक्सेसफुल दाखवतंय. फोन ठेवल्यावर लगेच दुसरा मेसेज आला, तुमचा अनुभव कसा होता, तारे द्या.

संध्याकाळी मावशीच्या घरी फोन केला. वहिनीनं, म्हणजे मावसभावाच्या बायकोनं उचलला. तिचा आवाज दमलेला, पण खुशीत होता. सकाळी पूजा झाली, चाळीस माणसं जेवली, असं सगळं सांगितलं. मी फुलांबद्दल विचारलं. ती म्हणाली, आली ना, अगदी वेळेवर आली. दुपारी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, त्यांना देता आली. प्रत्येकीला एकेक पुरलं.

मी म्हटलं, ती मावशीसाठी पाठवली होती.

"अहो ताई, आईंना काय करायची फुलं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात जराही खवचटपणा नव्हता. मला त्याचीच जास्त किळस आली. कोणी वाईटपणानं काही केलं तर भांडता तरी येतं. ही बाई मला साधी माहिती द्यावी तसं सांगत होती.

मी मावशीला फोन द्यायला सांगितला. मावशीनं माझी, मुलांची, ऑडिटची चौकशी केली. मी विचारलं, फुलं बघितलीस का? ती म्हणाली, "कसली गं फुलं?"

कार्डाचं काय झालं ते मी विचारलंच नाही.

त्या शनिवारी सकाळी मी निघाले. आमच्या घराजवळ बोनकोड्याच्या नाक्यावर एक आगरी मावशी फुलं घेऊन बसतात, त्यांच्याकडून मोगरा घेणार होते. त्यांनी गजरे दाखवले, मग मी कुठं जाणार ते ऐकून म्हणाल्या, "लांब न्यायचा हाय तं कल्याच ने, बाय." त्यांनी कळ्या ओल्या फडक्यात बांधून वर केळीचं पान गुंडाळून दिलं. ते पुडकं हातात घेऊन मी कळंबोलीला लोखंड भरलेल्या ट्रेलरांच्या धुरळ्यात एसटीची वाट बघत उभी राहिले. सहा तासांच्या प्रवासात वहिनीला काय काय बोलायचं ते मनात पाठ करत गेले.

पोचले तेव्हा मावसभाऊ दुकानात होता. मावशी आतल्या खोलीत पलंगावर बसून शेंगा फोडत होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की उठताना शेंगांचं सूप कलंडलं. मी पुडकं तिच्या हातात दिलं. तिनं पान सोडलं, फडकं उघडलं आणि बराच वेळ वास घेत बसली. मग कोनाड्यातून दोऱ्याचं रीळ काढून भराभर ओवायला लागली. बोटं वाकडी झालीत, दोनदा कळी खाली पडली, पण गाठ तशीच घट्ट. मी समोर बसून बघत राहिले. वाटलं, बरं केलं आपण आलो.

गजरा पुरा झाला तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवले, गजरा पाहिला, म्हणाली, "अगंबाई, मोगरा," आणि मावशीकडे पाठ करून खाली वाकली. रोजची सवय असावी तशी. मावशीनंही तो गजरा तिच्या केसांत माळला, पिन लावली, वेणीवरून हात फिरवला. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली.

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"मावशी, तो तुझ्यासाठी आणला होता," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पडलेल्या कळ्या वेचायला लागली.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. वाटेत पाठ केलेलं सगळं आता बोलणार होते. मी म्हटलं, वहिनी, वाढदिवस त्यांचा, फुलं त्यांची आणि ती वाटली तुम्ही गावाला. तेव्हा त्या कुठं होत्या? वहिनी पोळी लाटत होती. ती म्हणाली, आई आतल्या खोलीत होत्या. हॉलमध्ये सगळ्या सवाष्णी होत्या ना. मी म्हटलं, स्वतःच्या पंच्याहत्तरीला त्या आत बसल्या? तुम्हाला काहीच वाटलं नाही?

तिनं लाटणं ठेवलं. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं, पण माझ्या आरोपाचं. ती म्हणाली, "ताई, मी भेदभाव नाही केला. माझी आईपण आली होती त्या दिवशी. तीपण आतच बसली होती. दोघींना एकदमच ताटं वाढली मी."

मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं. स्वतःच्या आईला उंबऱ्याआड बसवून ही बाई तो आपल्या चांगुलपणाचा दाखला म्हणून सांगत होती. तिच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वास स्वयंपाकघरात भरून राहिला होता आणि तो वास मला सहन होईना. मी बोलायला तोंड उघडलं आणि तिथंच अडकले.

कारण गेल्या संक्रांतीला आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाची यादी मी केली होती. माझं अक्षर चांगलं म्हणून. तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहते, करोनात तिचा नवरा गेला. तिचा फ्लॅट नंबर आला तेव्हा कमिटीतली एकजण म्हणाली, त्यांना उगाच ऑकवर्ड होईल. मी मान हलवली आणि पुढचा नंबर लिहिला. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. नंतर लिफ्टमध्ये ती भेटली तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत राहिले. एकविसाव्या मजल्यापर्यंत टॉवर उभे राहिले तरी आम्ही शिकल्यासवरलेल्या बायकांनी तेच केलं होतं आणि वर त्याला इंग्रजी शब्द लावला होता. वहिनी निदान आपण काय केलं ते सरळ सांगत तरी होती.

ती माझ्याकडे बघत उभी होती. मी मोरीत जाऊन चूळ भरली आणि पुन्हा आतल्या खोलीत गेले.

मावशीनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, तिला बोलू नकोस, ती माझं सगळं करते. मग म्हणाली, "मला फुलांचं काही नाही गं. त्या दिवशी आतून नुसते आवाज येत होते. कोण आलंय ते कळत नव्हतं. मला बाहेर बसायचं होतं."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

हे ती तक्रार म्हणून म्हणाली नाही. खरं होतं ते. चव्वेचाळीस वर्षांत मी तिला काय आवडतं, काय नको, कुठं बसायचंय, असं काहीच विचारलं नव्हतं. मनाशी तिची एक कीव करायची गोष्ट रचली आणि घरबसल्या तिला फुलं पाठवून दिली.

मी हॉलमधली खुर्ची उचलली आणि पुढच्या अंगणात, फाटकाजवळ नेऊन ठेवली. मावशीला हात धरून बाहेर आणलं, बसवलं. मी पायरीवर बसले. संध्याकाळची वेळ होती, बाजारातून बायका परतत होत्या. ओळखीच्या दोघी-तिघी थांबल्या. त्यातली एक पंच्याहत्तरीला येऊन गेलेली होती. ती मावशीला म्हणाली की कार्यक्रम छान झाला, जेवण छान होतं. मावशी म्हणाली, "हो का? मला काही दिसलं नाही." ती बाई हसली, मग हसणं थांबवून पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि निघून गेली. वहिनी दारापर्यंत आली, आम्हाला पाहिलं आणि परत आत गेली. जेवायची वेळ झाली तेव्हा तिनं हाक मारली नाही, मावसभावाला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनीनं मला रीतीप्रमाणे कुंकू लावायला करंडा आणला. मावशी शेजारीच उभी होती. मी कपाळ मागं घेतलं. वहिनीचा हात तसाच राहिला, तिचे डोळे भरून आले. मला दया आली नाही. तिची नाही आणि माझीही नाही. घरी येऊन मी दोनदा अंघोळ केली, तरी त्या लाल जर्बेरांवरची चमकी अंगाला चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

दोन महिन्यांनी मावशीचा फोन आला. तिच्याकडे कोणा पाहुण्यांचं केळवण झालं होतं. मी या वेळी विचारलं, तू कुठं बसली होतीस? ती म्हणाली, सुनेनं आतच पलंगावर चादर बदलून दिली होती. पण पाहुणे यायच्या आधी मावशी स्वतःच खुर्ची ओढत बाहेर घेऊन गेली. फाटकाशी बसली, येणाऱ्या प्रत्येकीला तिच्यासमोरून जावं लागलं. काहीजणींनी नमस्कार केला, काहीजणी नजर चुकवून आत गेल्या.

मी विचारलं, मग?

"मग काय," मावशी म्हणाली, "ऊन फार होतं. पण सगळ्यांचे चेहरे बघितले."