मशीन काढलेलं असताना

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. संभाजीनगरात एका शाळेत गणित-विज्ञान शिकवते. इथं लोक टाकतात ते भुताखेतांचे अनुभव मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वाचते, आणि खरं सांगायचं तर हसते. कुणाला पांढरी साडी दिसली की मनात येतं, बाई गं, आधी चष्म्याचा नंबर तपासून घे. तेव्हा आज माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा... माझी तक्रार नाही.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. आमची ओवी सात वर्षांची. जन्मापासून तिला अजिबात ऐकू येत नाही. तिसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — कानामागं एक छोटं मशीन लावायचं, ते आवाज पकडून आत बसवलेल्या भागाकडं पाठवतं. मशीन लावलेलं असलं की पोरगी बाहेरच्या खोलीत बसून कुकरच्या शिट्ट्या मोजते. मशीन काढलं की संपलं. कानाशी फटाका फोडला तरी तिला पत्ता नाही.

आमच्या मशीनला पाणी चालत नाही. म्हणून घरात एक नियम केलाय. मशीन काढलं की ओवीचा हात कुणाच्या तरी हातात पाहिजे. नुसतं 'बघा हं तिच्याकडं' चालत नाही. तिचा हात समोरच्याच्या हातात द्यायचा, त्यानं 'घेतला' म्हणायचं, मगच आपण सोडायचं. आणि मशीन नसताना मी तिला हाक मारत नाही. मारून उपयोग काय? खांद्याला हात लावते, पाय आपटते, दिवा चालू-बंद करते.

माझ्या सासूबाईंचं याच्या उलट. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मूळच्या पिशोरच्या. त्या ओवीला आंघोळ घालतानासुद्धा अखंड बोलत असतात. कितीदा म्हटलं, आत्याबाई, कशाला घसा कोरडा करता. तर म्हणायच्या, "नाय ऐकू आलं तर नाय. आपण बोलणं सोडायचं व्हय?" मला राग यायचा. बोलून काही होत असतं तर पहिली तीन वर्षं मी काय कमी बोलले होते?

तर सुट्टीत ओवीनं हट्ट धरला म्हणून आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा महेश, आत्याबाई आणि ओवी, खुलताबादच्या बाजूच्या एका वॉटर पार्कला गेलो. शहरापासून पाऊण तास. घसरगुंड्या, पाळणे, छोटी आगगाडी, सगळं आहे, आणि पार्कला लागूनच फॅमिली रिसॉर्ट. एक रात्र राहायचं ठरलं. खोली पहिल्या मजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. एसी असल्यामुळं खिडकी पक्की बंद, उघडायची सोयच नाही. काचेला निळी फिल्म. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून बघितलं तर आरसा. खिडकीखाली मागचं मोकळं आवार होतं, तिथं टाकीत पाणी सोडायला टँकर यायचे. आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी आणि इथं टँकरवर टँकर, हे बघून माझं डोकं आधीच तापलेलं.

त्यात दुपारी ओवी माझ्या हाताला धरून पाण्यात होती, तेव्हा आत्याबाईंनी नेहमीचं सुरू केलं. काठावर बसून, "ओवे, हिकडं ये गं, ओवे, लई आत जाऊ नको गं," मोठमोठ्यानं. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. एकीनं विचारलंच, मुलीला ऐकू येत नाही का? मी आत्याबाईंना चारचौघांत फटकन बोलले. तुम्हाला हौस आहे का तिला ऐकू येत नाही हे सगळ्यांना दाखवायची, असं काहीतरी. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, पण माफी मागायचा माझा स्वभाव नाही.

तीनच्या सुमारास आम्ही परत आलो. महेश वर जाऊन आडवा झाला. आत्याबाई पुढच्या अंगणात लिंबाखाली केस वाळवत बसल्या. मला वरून ओवीचा कोरडा फ्रॉक आणि मशीनची डबी आणायची होती. आत्याबाईंशी अबोला. तेव्हा... त्यांच्या हातात ओवीचा हात दिला नाही. ओवीला ओठांनी सांगितलं, आजीजवळ बस, आणि तरातरा निघून गेले. आत्याबाईंना वाटलं पोर माझ्याबरोबर गेली. एवढीच चूक. नियम मीच केलेला आणि मीच मोडला.

खोलीत गेले. महेश झोपला होता. पर्समधनं डबी काढली, मशीन आत आहे ना बघितलं, आणि सहज खिडकीशी गेले. खाली आवाराच्या मधोमध ओवी. पिवळा पोहायचा ड्रेस, हातातली हवेची रिंग खाली ठेवलेली, वाकून जमिनीवरचं काहीतरी बघत होती. आणि तिच्या पाठीमागून टँकर रिव्हर्स येत होता.

मी ओरडले नाही. हे मला दहादा सांगावं लागलंय, म्हणून इथंही स्पष्ट सांगते. माझा एक हात काचेवर होता, तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता. वर डोक्यात कुठंतरी चाललेलं, ओरडून काय उपयोग, तिला ऐकू येत नाही... ओरडून काय उपयोग. आई आहे मी तिची. माझ्यासमोर ते होणार होतं आणि मी दगडासारखी उभी होते.

टँकर हातभर अंतरावर असताना ओवी सरळ झाली. मागं नाही बघितलं तिनं. मान वर करून थेट माझ्या खिडकीकडं बघितलं आणि हसली. मग दोन्ही हात वर करून खिडकीखालच्या भिंतीकडं पळत आली, कडेवर घे म्हणताना येते तशी. टँकर ती उभी होती त्या जागेवरून मागं गेला. रिंग चाकाखाली फुटली.

माझ्या हातातली डबी पडली, त्या आवाजानं महेश उठला. मी अनवाणी जिना उतरले. खाली पोचले तर आत्याबाई इमारतीला वळसा घालून धापा टाकत आधीच आलेल्या, ओवीला पोटाशी धरून. टँकरचा ड्रायव्हर, पिकल्या दाढीचे एक चाचा, फुटकी रिंग हातात घेऊन खालीच बसले होते. "बच्ची ठीक है ना?" एवढंच परत परत विचारत होते.

आत्याबाई मला म्हणाल्या, "तू वरडलीस म्हणून कळलं बाई. नायतर मी तिकडंच बसले असते."

मी म्हटलं, मी नाही ओरडले.

"माझे कान गेले नाय अजून. 'ओवी, इकडं ये.' दोनदा. तुझाच आवाज."

त्या इमारतीच्या पलीकडच्या अंगाला होत्या. महेश माझ्यापासून चार फुटांवर. फोन नुसता थरथरला तरी उठणारा माणूस, त्यानं काही ऐकलं नव्हतं. चाचांनीही नाही, पण त्यांचं इंजिन चालू होतं.

वर आल्यावर महेशनं ओवीला मशीन लावलं. मी तिला शक्य तितकं साधेपणानं विचारलं, तू एकदम भिंतीकडं का पळालीस?

"तू बोलावलंस ना."

मी दिसले का तुला खिडकीत? तिनं नाही म्हणून मान हलवली. खिडकीत आभाळ दिसत होतं, म्हणाली.

"मग कसं कळलं?"

"ऐकू आलं."

मी विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी महेशला खिडकीत उभं करून मी खाली ओवी होती तिथंच जाऊन उभी राहिले. त्यानं हातवारे केले, बेंबीच्या देठापासून ओरडला. काचेत फक्त आभाळ आणि बोअरची टाकी. आवाज म्हणाल तर शून्य, आणि माझे कान चांगले आहेत.

पुढच्या आठवड्यात ओवीच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमना गाठलं. त्यांनी दोन्ही कान, मशीन, आतला भाग, सगळं तपासलं. सगळं होतं तसंच. मशीनशिवाय काहीही ऐकू येणं शक्य नाही म्हणाल्या. टँकरमुळं जमीन हादरली असेल, मुलांना पायाला कळतं. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. पण जमीन हादरली तर पोर मागं बघेल ना? वर कशाला बघेल? आणि आत्याबाईंचं काय? त्यावर मॅडम नुसत्या हसल्या.

घरी आल्यावर मी आत्याबाईंची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, जाऊ दे. आता ओवीला आंघोळ घालताना त्या बोलत असतात आणि मी काही म्हणत नाही. उत्तर मला सापडलेलं नाही आणि ते शोधायची आता भीती वाटते.

परवाचीच गोष्ट. मी ओवीचे केस धूत होते. मशीन बाहेर, डबीत. तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. मशीन नसताना ती जरा मोठ्यानं बोलते. म्हणाली, "आई, त्या दिवशीसारखी हाक मार ना. मशीनमधे तुझा आवाज वेगळा येतो. त्या दिवशीचा छान होता."

मी हाक मारली. मग पुन्हा, जोरात. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग मान हलवली. अशी नाही, म्हणाली. तेव्हा मारलीस तशी.

तेव्हा मी हाक मारलीच नव्हती, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.