दुखून राह्यलं म्हणजे दुखायचं थांबलं नाही

मी धाड, बुलडाणा जिल्ह्यातलं माझं गाव, सोडलं तो बाजाराचा दिवस होता. काळी-पिवळी जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोबीची गोणी होती आणि टपावर माझी बॅग. माझे वडील जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मराठी शिकवतात. त्यांनी खिडकीत तोंड घातलं आणि वर्गात सांगतात तसं सांगितलं, "तिकडं मले-तुले करायचं नाही. शुद्ध बोलायचं. लोक हसतात आपल्याला." एवढ्यात ड्रायव्हरनं गाडी हलवली, तसे ते मागे धावत ओरडले, "अबे, मागच्या शिटावर नको बसू, ओकारी होते तुले!" अख्खी जीप हसली. बाबांना कळलंच नाही लोक कशाला हसले ते.

हे मी तुमच्यासाठी लिहितोय, जे तिथं आहात, धाडला, साखरखेर्ड्याला, सुलतानपूरला. आणि त्यांच्यासाठीही, जे माझ्यासारखे निघाले आणि आता ऑफिसात एक मराठी बोलतात, आईशी दुसरी, आणि दुसरी बोलायची वेळ आली की फोन घेऊन बाहेर जातात. आपण बाहेर का जातो, हा प्रश्न कुणीतरी जाहीर विचारायला हवा. मी विचारतो.

बुलडाण्याला कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो. होस्टेलच्या पाण्यावर, बंद झालेल्या एसटीच्या फेऱ्यांवर, पासच्या रांगेवर. पत्रकाची पहिली ओळ अशी पाहिजे की भजेवाल्यानं त्यात भजी बांधली तरी ती तेलातून वाचता यावी, एवढं शिक्षण मी तिथं घेतलं. बाकी डिग्री कॉम्प्युटरची. त्या डिग्रीवर पुण्याच्या एका तंत्रज्ञान विद्यापीठात, उपयोजित संशोधनाच्या केंद्रात, कंत्राटी सहायक म्हणून लागलो. उपयोजित म्हणजे लोकांच्या कामाला येणारं, असं मुलाखतीत सांगितलं होतं. मी त्या शब्दावरच गेलो.

काम खरंच चांगलं होतं, हे आधी सांगतो, कारण पुढे मी शिव्या देणार आहे. गावातल्या गरोदर बाईनं एक नंबर फिरवायचा आणि काय होतंय ते आपल्या तोंडानं सांगायचं. मशीन ते ऐकून लिहून काढणार आणि दिवा लावणार. लाल लागला तर फोन ताबडतोब डॉक्टरकडे. पिवळा लागला तर आशाताई घरी जाऊन बघणार. हिरवा म्हणजे काळजी नाही. पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात व्हायचा होता. माझं काम त्याआधी गावांतून जमवलेली नमुन्याची रेकॉर्डिंग ऐकायचं आणि मशीननं लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासायचं. कानाला हेडफोन, पुढ्यात स्क्रीन, आणि काचेपलीकडे असा एक बगिचा की ज्यात बसायला मनाई.

माझ्या शेजारी मृणाल बसायची. सदाशिव पेठेतली, मशीनचं डोकं तिनंच बांधलेलं. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "कुठे आहेस?" मी बेसावध होतो. म्हणालो, "जेवून राह्यलो." ती म्हणाली, "कुणाकडे राहिलास?" पुढचे कित्येक दिवस मी दिसलो की कुणीतरी विचारायचं, "काय रे, जेवून राहिलास की निघालास?" मीही हसायचो. 'जेवतोय' म्हणायला शिकलो. लागत नाही वेळ फार.

मग एक दिवस सुलतानपूरकडच्या एका बाईचं रेकॉर्डिंग आलं. मागे बकरी ओरडत होती. बाई म्हणाली, "पोटात दुखून राह्यलं." मशीननं लिहिलं, 'पोटात दुखायचं राहिलं.' आणि हिरवा दिवा लावला.

मी ते परत लावलं. पुन्हा हिरवा. मशीनच्या पोटात एक पायरी होती, बोली भाषा प्रमाण करून घ्यायची. तिथं हा घोटाळा झाला होता. आपल्याकडे दुखून राह्यलं म्हणजे आत्ता, या घडीला दुखतंय. पुण्याला दुखायचं राहिलं म्हणजे थांबलं. एकाच शब्दानं इकडे बाई कळवळते आणि तिकडे बरी होते. जेवणावरून विनोद होईतोवर ठीक होतं. इथं बाईचा जीव होता.

प्रकल्पाचे प्रमुख होते त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. वाईट माणूस नव्हे. त्यांनी सगळी रेकॉर्डिंग शोधायला लावली, आणि माझीच पंचाईत झाली. असं बोलणारी ती एकच बाई निघाली. बाकी सगळ्या, तुमच्या-माझ्या गावातल्या सगळ्या, 'दुखत आहे', 'होत आहे', 'वाटत आहे'. सर म्हणाले, "तुमचेच लोक प्रमाण बोलतायत. मी एका वाक्यावरून मॉडेल बदलू?"

"सर, त्या माइकपुढे बोलतायत. पंधरा ऑगस्टच्या भाषणासारख्या. दुखायला लागल्यावर अशा नाही बोलणार."

"असेल. पण ते दाखव मला. तुझ्या रागाचा डेटा होत नाही."

हे वाक्य मला फार लागलं. अजून लागतं. कारण त्यात खोटं काही नव्हतं. आपल्या बाया साहेबापुढे आपलं बोलणं पदराखाली झाकतात, मशीन म्हणजे त्यांना साहेबच वाटला, आणि त्यांनी झाकलं. ही सवय त्यांना कुणी लावली? माझ्या बापानं लावली. तुमच्या मास्तरांनी लावली. 'मले' म्हटलं की हातावर छडी, आणि छडी मारून झाली की तोच मास्तर घरी जाऊन म्हणणार, "मले च्या दे." शुद्ध-अशुद्धचा हा धंदा किती जणींच्या अंगावर येतो ते मोजायला कुणी बसलं नाही, कारण त्यातून पेपर निघत नाही.

मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. मथळा: 'हिरवा दिवा खोटा आहे!' लिफ्टजवळ चिकटवलं, कँटीनमध्ये वाटलं. मृणाल म्हणाली, "अरे, ग्रुपवर टाकायचंस ना, कागद कोण वाचतं?" सुरक्षारक्षकानं वाचलं. विनापरवाना म्हणून फाडलं. पण फाडताना मला हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही खामगावकडचे काय?" तोही आपल्याकडचाच. फाडलं मात्र त्यानं नीट, चारी कोपऱ्यांवरून.

त्या गडबडीचा एवढा उपयोग झाला की आढावा बैठकीत सरांनी मला सर्वांसमोर उभं केलं. बाहेरचे पाहुणे होते, सल्लागार म्हणून येणाऱ्या डॉक्टर मॅडम होत्या. सर म्हणाले, "याचं म्हणणं आपण आत्ता तपासू. लाव घरी फोन."

घरी ताई होती. माझी थोरली बहीण. साखरखेर्ड्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणासाठी धाडला आलेली. मी तिला सांगितलं की फोन स्पीकरवर आहे, लोक ऐकतायत, मशीन लिहिणार आहे, कसं वाटतं ते सांग. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागली.

"नमस्कार. मी धाड येथून बोलत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. मी वेळेवर आहार घेत आहे."

एक काना-मात्रा चुकली नाही. हिरवा. पाहुणे कौतुकानं हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण ताईला वाटलं काम झालं.

"झालं काय बे पिंट्या? बरोबर बोलली ना मी? बाबानंच लिहून देलं. अजून एक ओळ होती 'शासनाचे आभार' म्हणून, ते मी गाळून टाकलं." पाहुण्यांत हशा. "आता ठेव बाबू, मले पडू दे. काल्पासून डोकं दुखून राह्यलं, डोयासमोर चांदण्या चमकून राह्यल्या, पाय असे सुजले का चप्पल जाऊन नाही राह्यली. अन् तुले मशीनची पडली!"

मी तिला थांबवलं नाही. त्याबद्दल मला माफी मागायची नाही.

पडद्यावर आलं: 'कालपासून डोकं दुखायचं राहिलं. डोळ्यांसमोर चांदण्या चमकायच्या राहिल्या.' पायांचं आणि चपलेचं काहीतरी भलतंच. दिवा हिरवा. एक पाहुणे म्हणाले, "वा, किती स्वच्छ करून लिहितंय!"

डॉक्टर मॅडम उठल्या. त्या सोलापूरच्या, आपली बोली त्यांना येत नाही, पण सूज आणि चांदण्या त्यांना ऐकू आल्या होत्या. "एक मिनिट. डोकं दुखायचं थांबलंय की दुखतंय?"

"दुखतंय, मॅडम. आत्ता दुखतंय."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "ताई, मी डॉक्टर बोलतेय. डोकं फार दुखतंय का? दिसायला अंधूक होतंय?"

आणि ताईनं, माझ्या सख्ख्या बहिणीनं, डॉक्टरचं नाव ऐकल्याबरोबर आवाज बदलला. "नाही मॅडम. मला काही त्रास नाही. मी ठीक आहे."

हिरवा.

मी फोन हिसकावून घेतला आणि त्या वातानुकूलित खोलीत, पाहुण्यांसमोर ओरडलो, "ताये, नाटकं नको करू! बाबाले फोन दे! बाबा, जीप पाहा. आत्ताच्या आत्ता तिले बुलडाण्याले न्या!"

"काऊन बे? काय झालं?" मराठीचे मास्तर घाबरले की काऊनच म्हणतात.

त्या दिवशी मी खोलीत बसू शकलो नाही. त्या मनाईच्या बगिच्यात येरझाऱ्या घातल्या, कुणी हटकलं नाही. मृणाल दोनदा चहा घेऊन आली, दोन्ही वेळा तीच प्यायली. संध्याकाळी बाबांचा फोन आला. ताईचं बीपी भलतंच वाढलेलं होतं. उशीर झाला असता तर फिट येऊ शकली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला ठेवून घेतलं. बाळ लवकर काढावं लागलं. मुलगी, इवलीशी, पण तिचा आवाज वॉर्डाच्या दारापर्यंत येतो, असं बाबा म्हणाले.

सरांनी प्रयोग पुढे ढकलला. ती प्रमाण करायची पायरी मृणालनं काढून टाकली. आता 'राह्यलं' ऐकलं की किमान पिवळा लागतो, लालसाठी मी भांडतोय. पण पुढच्या सादरीकरणात ताई 'उदाहरण' झाली. नाव नाही, गाव नाही, एक चौकट आणि बाण. सर म्हणाले, "एक उदाहरण झालं, आता अजून पाहिजेत." आणि मला रेकॉर्डर देऊन गावी पाठवलं. नैसर्गिक बोली गोळा करायला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला तेव्हा पाहिलंय. धाडच्या बाजारात, सुलतानपूरच्या अंगणवाडीत, रेकॉर्डर खिशात लपवला तर फसवणूक आणि हातात धरला तर 'नमस्कार, माझी प्रकृती उत्तम आहे'. मी विनवलं, "मावशी, घरच्यासारखं बोला." मावशी म्हणाल्या, "घरच्यासारखं घरच्याशी बोलतात. तू आता पुण्याचा." खोटं नव्हतं तेही. हळूहळू, रेकॉर्डर पुढ्यात ठेवून, संमती घेऊन, दिवसभर बसलं की बाया विसरतात. तेवढं मिळतं. ते पुरत नाही. खानदेशचं काय, झाडीपट्टीचं काय, कोकणचं काय, तिथल्या कुठल्या शब्दावर हिरवा लागतोय हे आज कुणाला माहीत आहे? मला माहीत नाही. म्हणून झोप धड लागत नाही, आणि लागू नये.

आधी मी घरी फोन केला की आई सरळ सुरू व्हायची, कोण काय बोललं, कुणाची म्हैस कुणाच्या वावरात गेली, मध्येच एखादी शिवी. आता आधी प्रश्न येतो, "रेकॉर्डिंग चालू हाय काय?" मी नाही म्हणतो, शपथ घेतो. "बरं बरं," म्हणते, आणि मग, "आम्ही सर्व मजेत आहोत. पाऊस समाधानकारक आहे." माझी आई. जी भाषा मशीनला शिकवायला मी भांडलो, ती माझ्याशी बोलायचं घरानं बंद केलं. हे मला मान्य नाही, पण याचं पत्रक कुणाविरुद्ध काढू?

परवा ताईला फोन केला. आता ती साखरखेर्ड्याला आहे. तिनंही तेच विचारलं, तसंच सांभाळून बोलली, मुलीचं वजन वाढत आहे वगैरे. मग आत मुलगी रडली. ताईनं फोन तसाच पलंगावर टाकला आणि धावली, मला साफ विसरली.

"काऊन रडून राह्यली वं माय? कोण मारलं माह्या पोट्टीले? भूक लागली? हाव वं, आली, आली मी..."

घर म्हणजे आता एवढंच आहे माझ्यासाठी, ताई मला विसरते तेवढा वेळ. मी हॅलो म्हणत नाही.