बिनदातांची पेटी

टपालखात्यातून निवृत्त झालेले काका स्वतःच्या दारासाठी पत्रपेटी घ्यायला गेले आणि दुकानातल्या एकेका पेटीच्या फटीत बोटं घालून बघू लागले.

“अहो, पत्र टाकायचंय की हात?” काकू करवादल्या. “ती फुलाफुलांची घ्या की!”

“चावते ती.”

घरोघरच्या पेट्यांत पत्रं टाकताना पत्र्याच्या धारेवर बोटं सोलून घेण्यात काकांची तीस वर्षं गेली होती. एका घरच्या आजींनी मात्र त्यांचं रक्त पाहून फटीला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं होतं. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

काकांनी दुमडलेल्या काठाची साधी पेटी घेतली.

आठवड्याने नवी पोस्टवाली मुलगी दारातून ओरडली, “काका, अख्ख्या गल्लीत हिलाच तेवढे दात नाहीत हो!”

काकांनी तिला आजींच्या रबराची गोष्ट सांगितली. राहिलेले आभार एकदाचे पोचते झाले.