पाटावरचा माउस

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते निव्वळ करमणूक म्हणून. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... आणि खाली 'अंगावर काटा आला' लिहिणारी मंडळी. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कोणी 'आपोआप झालं' म्हणालं की मला आधी त्या माणसाचा संशय येतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहितो.

आमचं घर पुण्यात, कर्वेनगरला, एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा घरात आई आणि मी. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर माझी नोकरी गेली, कंपनीने लॅपटॉप परत मागून घेतला आणि हाताशी उरला तो बाबांचा डेस्कटॉप. बाबा कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाल्यावर हौसेने कॉम्प्युटर घेतला होता. पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून तो ठेवलाच नव्हता.

कित्येक महिने नकार पचवल्यावर एका ठिकाणी शेवटच्या राउंडपर्यंत पोहोचलो. नेमका खंडेनवमीला, दुपारी. मुलाखत घेणारे जर्मनीतले, त्यांना खंडेनवमीचं काय! स्क्रीन शेअर करून त्यांच्यासमोर टेस्टिंग करून दाखवायचं होतं, म्हणजे मोबाइलवर भागणार नव्हतं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तारीख एकदा बदलून घेतली होती. पुन्हा मागायला तोंड नव्हतं. आणि ही गेली तर दुसरी नोकरी समोर दिसत नव्हती.

सकाळी ट्रायल घेतली तर कॅमेरा सारखा अडकत होता. कुठला तरी प्रोग्रॅम मध्ये येतोय, एवढं कळलं. मग मी शहाणपणा केला. विंडोजने सुरू होताना काय काय चालू करायचं ते ठरवणारं msconfig उघडलं, 'डायग्नोस्टिक स्टार्टअप' निवडलं आणि रीस्टार्ट मारला. यात विंडोज अगदी जेमतेम गरजेपुरतं चालू होतं, बाकी सगळं बंद. म्हणजे दोषी सापडायला सोपं.

डेस्कटॉप आला आणि माउस मेला. कीबोर्डही मेला. इंटरनेट तर नव्हतंच. बाण स्क्रीनच्या मधोमध खिळल्यासारखा उभा. जी सेटिंग बदलायची, तिथे पोहोचायलाच माउस हवा! पुढचे पोर्ट, मागचे पोर्ट, सगळं करून पाहिलं. बटण दाबून बंद-चालू केलं, तरी तेच. जबरदस्तीने रिपेअरमध्ये जायचा रस्ता होता, पण मागे एकदा तो प्रयोग केला तेव्हा त्या जुन्या डिस्कने अर्धा दिवस खाल्ला होता. लॅपटॉप मागावा तर शेजारचे सगळे गावी. मी डोकं धरून बसलो. खरं सांगतो, रडलो.

"काय रे मंदार, चालत नाही का?" आई दारात उभी होती. हातात हळदीकुंकवाची कोयरी.

"नाही चालत! सगळं संपलं!" मी माउस उपटला आणि पलंगावर फेकला.

आईने तो शांतपणे उचलला. "चालत नाही ना? मग पूजेला तरी घेते."

बाबा असताना पाटावर त्यांचे पाने, मायक्रोमीटर असायचे. ते गेल्यावर आई माझी हत्यारं पुजते. आता अख्खा कॉम्प्युटर काही पाटावर मावत नाही, म्हणून माउस. आणि आमच्याकडे पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही असा नियम. तिने पाट मांडला तो त्याच खोलीत, माझ्या खुर्चीमागे. माउसला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

आणि स्क्रीनवरचा बाण हलला.

मी मागे पाहिलं. माउस पाटावर. वायर गुंडाळलेली.

बाण अडखळत खालच्या कोपऱ्यात गेला. स्टार्ट मेनू उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मग तो यादीच्या कडेला गेला, तिथली पट्टी पकडली आणि हळूहळू खाली ओढू लागला... माउसला चाक असतं हे बाबांना मी शंभरदा सांगितलं असेल. त्यांनी शेवटपर्यंत ती पट्टीच ओढली. आणि एका क्लिकने भागतं तिथे दोनदा क्लिक.

बाण पट्टी सोडून भलतीकडे गेला, पुन्हा मागे आला. मागून आईचा आवाज आला. अगदी रोजचा, साधा.

"अहो... सावकाश."

मला मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. टूल्सचं फोल्डर उघडलं. मग सिस्टीम कॉन्फिगरेशन, म्हणजे तेच msconfig. 'नॉर्मल स्टार्टअप'वर दोनदा क्लिक. ओके. रीस्टार्ट. स्क्रीन काळी झाली.

सुरू झाल्यावर सगळं ठीक होतं, कॅमेरासुद्धा. आईने पाटावरचा माउस उचलून माझ्या हातात दिला. "घे. त्यांनीच चालू करून दिलंय, आज नियम राहू दे." कुंकवाने बोटं लाल झालेली, तशीच मी मुलाखत दिली.

तुम्ही विचाराल ते सगळे प्रश्न मी स्वतःला विचारून झालेत. दुसऱ्या कोणी लांबून चालवला म्हणावं, तर नेट बंद होतं. माउस चालवणारा ड्रायव्हर बिघडला म्हणावं, तर बिघडलेला ड्रायव्हर मेनू शोधत नाही. बाबा म्हणावं, तर त्यांना msconfig हा शब्दही माहीत नव्हता. नंतर मी मुद्दाम डायग्नोस्टिक मोड लावून, माउस काढून, तासन्‌तास बसलो. काही नाही. शेवटी अर्धा दिवस घालवून रिपेअरनेच बाहेर पडलो.

नोकरी मिळाली. बंगळुरूला. घर बघितलं, आईचं तिकीट काढलं, आणि ती म्हणाली, "तू जा. यांना एकटं कसं टाकू?" मी चिडलो, समजावलं, हात जोडले. ती आली नाही.

आता ती रोज दुपारी जेवण झाल्यावर कॉम्प्युटर लावते, माउस काढून ठेवते आणि समोर खुर्ची घेऊन बसते. संध्याकाळी मी फोन करतो. पूर्वी तीच आपणहून सांगायची, "आज काही हललं नाही रे."

हल्ली तिने फोन उचलला की मी ती जेवली का हेही विचारत नाही. आधी विचारतो, "आई, आज हलला का गं?"