कडक उपवास

पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं तेव्हा श्रावणातला सोमवार होता, एवढंच काय ते त्यात खरं. मी नाशिकला बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला होते. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी शिकवण्या आणि उरलेल्या वेळात जर्नल. मेस बंद व्हायच्या आत पोचणं म्हणजे दिव्यच. त्या सोमवारी ते जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मेसवाल्या मावशींनी पोळी वाढता वाढता हटकलं, "का गं, काल कुठे गायब होतीस?" वेळ मिळाला नाही म्हटलं असतं तर त्यांनी सगळ्या पोरींसमोर माझी खरडपट्टी काढली असती. मी म्हटलं, "मावशी, उपवास होता."

अहो, काय जादू झाली! मावशींचा आवाजच मऊ झाला. "असं होय," म्हणाल्या आणि पोळीवर जास्तीचं तूप सोडलं. उपाशी राहणाऱ्या पोरीला जो तो रागावतो, उपवास करणाऱ्या पोरीला कोणी रागावत नाही. हे ज्ञान मला त्या दिवशी झालं आणि मी ते चांगलं वापरून घेतलं.

मग काय, सोमवार झाला, गुरुवार झाला, चतुर्थी झाली. सबमिशन आलं की माझा उपवास आलाच. माझी रूममेट रविवारी तोंडाला मुलतानी माती थापून बसायची आणि म्हणायची, "सेल्फ-केअर गं बाई. तूही कर की जरा!" मी म्हणायचे, हो हो, करते. कॉलेजात 'स्वतःची काळजी घ्या' या विषयावर व्याख्यान झालं तेव्हा आभार मानायला मीच उभी. पाहुण्यांचा शब्द न् शब्द कसा मोलाचा, वगैरे सगळं झोकात बोलले, आणि स्टेजवरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून टेबलाची कड धरली. पोटात सकाळचा चहा होता, दुसरं काही नाही. नामपूरहून आईचा फोन यायचा. ती आमच्या अहिराणीत विचारायची, "भाकर खादी का बेटा?" तिला सांगायचे, हो गं, पोटभर. आईला जेवले म्हणायचं आणि मावशींना उपवास म्हणायचं. दोन्हीकडे थाप, आणि दोन्हीकडून शाबासकी. आता आठवलं तरी कान तापतात.

आमची खोली पंचवटीत, एका काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर होती. काका ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. मुलगी लग्न होऊन ठाण्याला. खाली काकू एकट्याच असायच्या, सोबतीला टीव्ही आणि शुगरच्या गोळ्या. रूममेटने त्यांना मोठ्या कौतुकाने माझे उपवास सांगितले, आणि एका गुरुवारी सकाळी काकू साबुदाण्याच्या खिचडीची ताटली घेऊन जिना चढून आल्या. मी एका हाताने केस विंचरत होते, दुसऱ्या हाताने अॅप्रन शोधत होते. बस निघायची वेळ झाली होती. खिचडी खायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं वाचवायला मी म्हटलं, "नको काकू, मी उपवासाला काहीच खात नाही."

"साबुदाणासुद्धा नाही? कडक असतो होय तुझा?"

"हो, कडक असतो," मी म्हटलं आणि सँडल घातले.

काकू ताटली धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कौतुक नव्हतं, त्याहून जास्त काहीतरी होतं. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

त्यानंतर काकू माझ्याशी वेगळ्याच बोलायला लागल्या. त्र्यंबकेश्वरला गेल्या की माझ्यासाठी आठवणीने अंगारा आणायच्या. एकदा जिन्याखाली माझा हात धरून म्हणाल्या, "लेकीला दिवस गेलेत गं. मागचं पोटातच गेलं होतं. तुझं देव ऐकत असेल, तिच्यासाठी एवढं मागशील का?" मी मान हलवली. कसला देव आणि कसलं काय! वर जाऊन मी जर्नल उघडलं, पण आकृती काही काढता येईना. तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पुढे एकदा सोमवारी कॉलेजला जाताना पाहिलं तर काकूंचा ओटा कोरडा. गॅसवर काही नाही, पातेलं नाही. मी सहज विचारलं, "स्वयंपाक नाही आज?"

"मीही धरलेत की सोमवार-गुरुवार, लेकीसाठी. तुझ्याएवढी पोर कॉलेज करून कडक करते, मग घरात बसून मला काय धाड भरलीय?"

"अहो काकू, पण तुमची शुगर!"

"गोळी घेते ना मी वेळेवर. ती नाही चुकवत."

जेवणाआधी घ्यायची ती गोळी. ती पोटात गेली आणि अन्न गेलं नाही तर शुगर कशी धाडकन खाली येते, ते मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर मार्क मिळवले होते. मी तिथेच म्हणायला हवं होतं की काकू, मी लबाड आहे, माझा उपवास कधीच नव्हता, मला नुसता वेळ नव्हता. त्याऐवजी मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "थोडी भगर खात जा काकू. राजगिऱ्याचा लाडू खा. गोळीवर उपाशी राहू नका." काकू हसल्या. "तू खातेस का सांग? तू खा, मग मी खाते."

मी घड्याळ बघितलं आणि निघाले. माझी अब्रू वाचली, बस मिळाली.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी मी फाईल विसरले म्हणून घरी परत आले. फाईल विसरले नसते तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरा करत नाही. दार उघडं होतं. काकू जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंग घामाने भिजलेलं, पंखा तर चालू होता. मला बघून त्या लेकीच्या नावाने हाक मारायला लागल्या. जीभ जड झाली होती. मी स्वयंपाकघरात धावले, पेल्यात साखर ओतली, पाणी घातलं, बोटानेच ढवळलं. पेला ओठाला लावला तर बाईने दात आवळले! "उपवास..." म्हणाल्या.

"साखर चालते काकू, प्या!"

त्यांनी मान फिरवली. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. मग मी ओरडलेच. एवढी की शेजारच्या दारातून माणसं आली. "काकू, माझा उपवास नव्हता हो! कधीच नव्हता! मी खोटं बोलले! मला जेवायला वेळ नव्हता, बास! प्या आता, तुमच्या पाया पडते, प्या!"

मी त्यांच्या समोर मूठभर साखर स्वतःच्या तोंडात कोंबली आणि चावून दाखवली. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग ओठ उघडले. घोट गिळता येतोय ना ते बघत मी हळूहळू सगळा पेला पाजला. मग शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर साखर दिली म्हणून बरं झालं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. फार्मसीची पोरगी घरात होती म्हणून निभावलं, असं शेजारीण चार जणींना सांगत होती. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

काकू घरी आल्या, पण माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. मी काय ओरडले ते त्यांना कळलं की नाही, हेच मला कळेना. मी जिना चोरासारखी उतरायचे. सोमवारी सकाळी मी अशीच उतरत होते, तर आतून हाक आली. "आत ये."

ओट्याजवळ दोन ताटं मांडली होती. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वरण. म्हणजे सगळं कळलं होतं. मी म्हटलं, "काकू, बस..." त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी सॅक ठेवली आणि खाली बसले. त्या रागावतील म्हणून वाट बघत होते. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाल्या, "मी माझ्या लेकीसाठी उपाशी राहिले. तू कोणासाठी राहिलीस गं?"

जर्नल डोळ्यांपुढे आलं, बस आली, मावशींचं ते तूप आलं. यातलं काहीच तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. मी मान खाली घालून भाकरी मोडली आणि खायला लागले. लाजेने घास उतरणार नाही असं वाटलं होतं, पण कुठलं काय, भूकच एवढी होती की ताट कधी रिकामं झालं कळलंसुद्धा नाही. मग मान वर न करताच मी काकूंकडे आणखी एक भाकरी मागितली.