मोहरीचा बाप

चौकातल्या केशकर्तनालयाचा मालक इतका बोलायचा, की गिऱ्हाइकं त्याला तोंडावर ‘रेडिओ’ म्हणत. कात्री थांबेल, जीभ नाही. असा माणूस त्या दिवशी रुग्णालयातल्या काचेपाशी उभा होता आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

काचेपलीकडे, पेटीत, त्याची मुलगी होती. सातवा महिना सरायच्या आत जन्मलेली. बायकोला शस्त्रक्रियेनंतर ताप चढला होता, ती वरच्या मजल्यावर होती. म्हणून मोठ्या सिस्टरांनी त्यालाच आत बोलावलं.

“शर्ट काढा आणि खुर्चीत रेला.”

“माझ्या हातून काही झालं तर?”

“हाताचं कामच नाही. छातीचं आहे.”

नळ्या-वायरींसकट ते पोर त्यांनी त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून पांघरूण घातलं. “पोटातल्या शेवटच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूला घड्या पडत असतात,” सिस्टर म्हणाल्या. “हिचं ते काम आता बाहेर व्हायचंय. म्हणून उजेड कमी, गोंगाट कमी आणि माणसाची ऊब. बोला तिच्याशी. पण हळू.”

ड्रायरवर आवाज चढवून बोलणारा माणूस कुजबुजायला शिकला. कोणाच्या डोक्याला दोन भोवरे आहेत, कोण टक्कल झाकायला कानावरचे केस पार पलीकडे नेतो, असलं सगळं त्याने लेकीला सांगितलं. ‘मोहरी’ हे लाडाचं नाव तिथेच पडलं. बायको बरी होऊन खाली आली, लेकीला कुशीत घेतलं आणि म्हणाली, “हिला तुमच्या साबणाचा वास येतोय. आता सरका.”

मोहरी घरी आली. त्याच्या सासूबाई म्हणाल्या, “कच्चं पोर आहे, फार आशा धरू नका.” डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, की ती ज्या तारखेला यायची होती, तिथून वय मोजा, निदान पहिली दोन वर्षं तरी. तसं मोजलं की तिचं बसणं, रांगणं फारसं मागे वाटायचं नाही. खरी अडचण शाळेत आली.

शाळेची घंटा झाली की मोहरी कान झाकून बाकाखाली शिरायची. ‘डबा आत ठेवा, वही काढा, तारीख लिहा’ असं बाई म्हणाल्या, की सगळे तारीख लिहीत असताना ही डबा हातात धरून बसलेली. हिला आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवा नाहीतर दुसरी शाळा बघा, असा शाळेतून निरोप आला.

नवरा-बायको तिला बालमानसतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तिला ठोकळे लावायला दिले, चित्रं दाखवली, गोष्ट सांगून परत सांगायला लावली. मग दोघांना समोर बसवलं.

“समज चांगली आहे. वेग कमी आहे आणि एका वेळी फार गोष्टी डोक्यात धरून ठेवता येत नाहीत. लवकर जन्मलेल्या पुष्कळ मुलांना हा त्रास होतो, सगळ्यांना नाही. एक सांगा, ते झालं की दुसरं.” मग त्या त्याच्याकडे वळल्या. “मघाशी हिच्या बुटाची नाडी सुटली, तर हिने पाय पुढे केला. घरी कोण बांधतं?”

“मीच,” तो म्हणाला. नाडीच काय, बटणं तोच लावायचा, पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं तोच द्यायचा, ती दुकानात असली की ड्रायर बंद ठेवायचा.

“तुम्ही सारखे धास्तावलेले,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मग तिलाही वाटणार, बाहेर काहीतरी भयंकर आहे.”

परतताना घर जवळ आल्यावर बायको म्हणाली, “छातीवर ठेवायचे दिवस होते तेव्हा तुम्ही ठेवलंत. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं ते. आता खाली उतरवा तिला.”

“पडली तर?”

“पडेल. आपण काय गाव सोडून चाललोय?”

बायको दुकानासमोरच्या बेकरीत कामाला होती. सुट्टीच्या सकाळी त्याने मोहरीला दुकानाच्या दारात उभं केलं. “आईकडून पाव आण.” मोहरी निघाली, मोटरसायकलचा आवाज ऐकून पायरीवरूनच परत आली. त्याने तेच वाक्य पुन्हा सांगितलं. या खेपेला पोहोचली, पण बिस्किटं घेऊन आली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या डोक्याने उठायला लागलं. “अहो, मी आणतो. लेकराला कशाला पळवताय?”

“बसा,” तो म्हणाला. “तिचं काम आहे ते.” कात्री मात्र हवेतच धरून तो दाराबाहेर बघत होता. गिऱ्हाइकाने ते आरशात पाहिलं आणि ते परत खुर्चीत टेकलं.

तिसऱ्यांदा तिने पाव आणला. कवटाळून आणल्याने त्याचा पार चेंदामेंदा झाला होता.

मग दोघं मुख्याध्यापिकांना भेटले. त्याने मोठं भाषण तयार केलं होतं.

“एका मुलीसाठी वर्ग थांबवू का?” बाईंनी विचारलं.

त्याच्या आधी बायकोच बोलली. “थांबवू नका. सूचना तेवढ्या एकेक करून द्या, आणि हिला घंटेपासून लांब बसवा. हे वर्ष करून बघा. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं.”

बाई नाइलाजाने हो म्हणाल्या. ते वर्ष काही सोपं गेलं नाही. मोहरी रडली, चिडली, एकदा पाटी फेकली. घरी रोज संध्याकाळी तिघं टेबलाशी बसत. एक गणित, मग पाणी, मग दुसरं गणित. नाडीच्या गाठीने तर तिघांचा अंत पाहिला. वर्षाअखेरीस ती वरच्या वर्गात गेली. मुख्याध्यापिकांनी स्वतः दुकानात येऊन सांगितलं.

आता मोहरी आठवीत आहे. पाढे अजून दगा देतात, नव्या रस्त्यावर ती चुकते, परीक्षेत तिला जादा वेळ मिळतो. मैत्रिणी दोनच, पण जिवाभावाच्या. यंदा शाळेची मुक्कामी सहल ठरली तेव्हा तिने आईबापांना विचारलं नाही, नाव देऊन आल्यावर सांगितलं. बाप काही बोलणार, तेवढ्यात बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “स्वेटर घे.”

ती गेली आणि आली. एक चप्पल हरवून आली, ऊन लागून नाक सोललेलं. काय काय पाहिलं ते सांगायला बसली आणि सांगता सांगता टेबलावरच झोपली.